पत आणि परोपकार

मराठी भाषेत 'ऐपत' आणि 'पत' हे दोन शब्द इतके शेजारी राहतात, की बोलण्याच्या ओघात एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर सहज बसते. परंतु किंचित थांबून पाहिले असता त्यांतील अंतर ध्यानात येते. मनुष्यापाशी जे आहे त्याचे मोजमाप म्हणजे ऐपत. शेत किती, घर कोणाच्या नावे, पगार काय, सोने किती तोळे, ह्या प्रश्नांच्या उत्तरांची ती बेरीज होय. पत ही वस्तू निराळी. हा मनुष्य बोलला तसा वागेल, घेतले ते परत करील, आणि करता आले नाही तर तोंड चुकवून मागल्या दाराने जाणार नाही, असा जो भरवसा चार माणसांना त्याच्याविषयी वाटतो, त्या भरवशाचे नाव पत. ऐपत असून पत गमावून बसलेले गृहस्थ आमच्या वाचकांनी पाहिले असतील. आणि घरात उद्याचे पीठ नसता ज्यांच्या शब्दावर वाणी महिनाभर किराणा घालतो अशी माणसेही त्यांच्या पाहण्यात असतील. ऐपतीचा दाखला कचेरीत मिळतो. पत कळते ती शेजाऱ्यांना.

आधुनिक बँकेची सारी रचना ऐपत मोजण्यासाठी झालेली आहे, आणि तिलाच ती पत असे म्हणते. ह्यात बँकेचा दुष्टावा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ठेवीदारांचा पैसा सांभाळण्याची जबाबदारी जिच्यावर आहे, तिने कागद पाहिल्यावाचून पैसा देऊ नये हे रास्तच आहे. आणि जो अधिकारी काही वर्षांनी बदली होऊन दुसऱ्या गावी जावयाचा, त्यास गल्लीतील कोण कसा हे कळावे तरी कसे? परंतु परिणाम काय होतो तोही पाहिला पाहिजे. १९६९ साली आपल्या देशात चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले; २०१४ साली जनधन योजना निघाली आणि कोट्यवधी माणसांच्या हाती प्रथमच पासबुक आले. हे कार्य लहान नव्हे. तथापि, पैसे ठेवावयास जागा मिळणे आणि आपल्यावर कोणी भरवसा ठेवणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत. घरी डबे करून विकणारी बाई मोठी शेगडी घेण्यासाठी वीस हजार रुपये मागावयास गेली, तर तिच्यापाशी पगाराचा दाखला मागतात, प्राप्तिकराचे विवरण मागतात, पूर्वीच्या कर्जफेडीवरून काढलेला आकडा पाहतात. जिने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, तिचा आकडा कोठून असणार? आकडा नाही म्हणून कर्ज अवघड, आणि कर्ज मिळाले नाही म्हणून आकडा नाही, अशा चक्रात ती सापडते. आणि अखेर दरमहा शेकडा पाच किंवा दहा रुपये व्याज घेणाऱ्याच्या दारी जाते. तो कागद मागत नाही.

अशा माणसांसाठी निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या काळी काही लोकांनी लहान लहान पेढ्या चालविल्या. हे लोक व्यवसायाने सावकार नव्हते. कोणी धर्मोपदेशक होता, कोणी गावाचा कारभारी, कोणी शाळामास्तर. आपले पोटापाण्याचे काम उरकल्यावर ते वहीखाते घेऊन बसत आणि त्याचा मोबदला घेत नसत. त्यांच्या ह्या उद्योगाविषयी एक नैतिक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो आम्हांस दिसतो तितका सोपा वाटत नाही. हा परोपकार आहे की व्यवहार? परोपकार असेल, तर दिलेले परत मागण्याचा अधिकार त्यांस कोठून आला? व्यवहार असेल, तर मोबदला का घेऊ नये? दान देणाऱ्याने परत मागू नये, आणि कर्ज देणाऱ्याने दयेची भाषा बोलू नये, हा जुना शिष्टसंमत संकेत आहे. विनावेतन पेढी चालविणारा मनुष्य हा संकेत दोन्ही बाजूंनी मोडतो. तेव्हा तो आहे तरी कोण?

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस जोनाथन स्विफ्ट हा गलिव्हरच्या प्रवासांचा कर्ता म्हणून ठाऊक असतो. डब्लिन येथील सेंट पॅट्रिक मंदिराचा हा डीन आपल्या पैशांतून गरीब कारागिरांना लहान रकमा बिनव्याजी कर्जाऊ देत असे, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाही. त्याची मुख्य अट अशी होती: ठरल्या दिवशी ठरलेला पैसा आला पाहिजे. डॉक्टर जॉन्सन ह्याने आपल्या कविचरित्रांत ह्या प्रकरणाचा शेवट सांगितला आहे. गरिबाचा वायदा चुकावयाचाच, हे आधी ओळखता आले असते. पण धीर आणि करुणा ह्यांची काहीच तरतूद डीनसाहेबांनी केली नव्हती. वायदे चुकले, त्यांनी फिर्यादी लावल्या, लोकांत ओरड झाली आणि योजना सोडून द्यावी लागली. जॉन्सनचा स्विफ्टवर फारसा लोभ नव्हता, हे लक्षात घेऊनही ही हकीकत विचार करावयास लावते. व्याज न घेणाऱ्या ह्या सत्पुरुषावर लोक इतके का चिडले? कठोर सावकार लोकांस नवा नव्हता. परंतु उपकाराचा झगा घालून आलेला कठोर सावकार त्यांस असह्य झाला.

स्विफ्टच्या मागून सुमारे शंभर वर्षांनी, १८१० साली, स्कॉटलंडातील रथवेल ह्या खेड्यात हेन्री डंकन ह्या धर्मोपदेशकाने बचतीची एक पेढी काढली. तरुणपणी त्याने लिव्हरपूल येथील एका पेढीवर काही काळ काम केले होते, त्यामुळे हिशेबाची रीत त्यास अवगत होती. त्या काळच्या मोठ्या बँकांत खाते उघडावयास दहा पौंड लागत. मजुराला ते स्वप्नातही शक्य नव्हते. डंकनच्या पेढीत सहा पेन्सांपासून आरंभ करता येई. ह्या पेढीची पेटी आजही तेथील वस्तुसंग्रहात आहे. तिला तीन कुलुपे आहेत, अशासाठी की कोणाही एका मनुष्यास ती एकट्याने उघडता येऊ नये. पुढे १८१७ साली इंग्लंडात अशा पेढ्यांसाठी कायदा झाला, तेव्हा विश्वस्तांनी आपल्या कामाचा मोबदला घेऊ नये असे त्यात घालण्यात आले.

तीन कुलुपांच्या ह्या पेटीत एक खोल विचार आहे असे आम्हांस वाटते. येथे गरीब मनुष्य कर्ज मागत नाही. तो आपली सहा पेन्सांची शिल्लक दुसऱ्याच्या हवाली करतो. भरवसा ठेवणारा तोच, आणि ज्याची परीक्षा व्हावयाची तो धर्मोपदेशक. 'मी तुमच्यासाठी फुकट राबतो, सबब माझ्यावर शंका घेऊ नका,' असे डंकन म्हणाला नाही. पगार न घेणारा मनुष्य पुष्कळदा आपल्या निःस्पृहतेच्या बळावर हिशेबाच्या चौकशीतून सूट मागत असतो. ती सूट मिळाली की काय होते, हे १८४९ साली रॉचडेल येथील बचतपेढीत दिसून आले. वह्या एकाच कारभाऱ्याच्या हाती, मानद विश्वस्त नावापुरते; त्या कारभाऱ्याच्या मृत्यूनंतर सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेची अफरातफर उघडकीस आली. निःस्पृहता हा सद्गुण खरा, पण तो कुलुपाची जागा घेऊ शकत नाही.

परंतु बचत सांभाळणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा कर्जाचा, आणि खरी अडचण तेथेच आहे. ह्या अडचणीशी सबंध आयुष्यभर झुंजलेला मनुष्य म्हणजे जर्मनीतील फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन. हा १८१८ साली जन्मला. वेस्टरवाल्ड प्रदेशातील वायरबुश ह्या गावाचा तो कारभारी असताना १८४६–४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. सरकारातून पीठ आले होते, पण ते रोख पैशांनी विकावे असा हुकूम होता, आणि उपाशी माणसांपाशी रोकड नव्हती. रायफायझनने गावच्या सुखवस्तू लोकांकडून पैसा उभा केला आणि गरिबांस भाकरी उधारीवर दिली; सुगी आल्यावर पैसे फेडावयाचे होते. पुढे १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे त्याने सुमारे साठ सुखवस्तू गृहस्थांना एकत्र करून गरीब शेतकऱ्यांस गुरे घेऊन देणारी संस्था स्थापिली. १८५४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने तिसरी काढली. तिचे नावच मुळी 'दानधर्म संघ' अशा अर्थाचे होते.

ह्या तिन्ही संस्थांत देणारे एका बाजूस आणि घेणारे दुसऱ्या बाजूस होते. संकट ताजे होते तोवर देणाऱ्यांचा उत्साह टिकला. पुढे तो ओसरू लागला. ह्यात त्यांस दोष देण्याचे कारण नाही. करुणा ही पाहुणी आहे, ती घरी कायमची राहत नाही. रायफायझनचे मोठेपण असे, की आपल्याच तीन संस्थांपासून त्याने धडा घेतला. १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने संस्थेची घडी मोडून नवी बसविली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे. आणि जो सभासद झाला तो संस्थेच्या सर्व देण्यास आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार. क्षेत्र एका गावाएवढे, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकास ओळखावे. व्यवस्थापकांना वेतन नाही. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र त्याच्या श्रमाचे पैसे. दृष्टी मंद होत चाललेल्या ह्या गृहस्थाने १८६६ साली आपल्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. लिहिण्याच्या कामी त्याची मुलगी आमाली त्याचे डोळे झाली होती.

ह्या चौकटीत आमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पहिल्या तीन संस्थांतील सुखवस्तू मनुष्य गरिबाकडे पाहून पैसे देत होता. चौथीत त्याचे नाव गरिबाच्या नावाखाली त्याच वहीत लिहिले गेले. शेजाऱ्याची गाय मेली तर ह्याच्या शेताला झळ लागणार. आता तो चौकशी करतो, ती आगाऊपणाची राहत नाही. हप्ता मागतो, तो सावकारी वाटत नाही. आणि मुदत वाढवून देतो, त्यात भीक घातल्याचा वास येत नाही. स्विफ्टपाशी पैसा होता, शिस्त होती, निःस्पृहताही होती. फक्त त्याचे नाव त्या वहीत नव्हते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: दुसऱ्याच्या सचोटीवर भरवसा ठेवण्याचा आणि त्याच्याकडून वसुली करण्याचा, हे दोन्ही अधिकार एकाच ठिकाणाहून उगवतात, आणि ते ठिकाण म्हणजे समान जोखीम. जो स्वतः धोक्यात उभा नाही, त्याची दया दुसऱ्याला हीन करते आणि त्याची शिस्त दुसऱ्याला छळते.

येथे कोणी म्हणेल की जोखमीचे एवढे माहात्म्य कशाला? शेजाऱ्यास शेजाऱ्याची माहिती असते, तेवढी पुरे आहे. ह्यास आपल्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. दख्खनच्या खेड्यांतील सावकारास आपल्या कुळांची माहिती कमी नव्हती. कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाचा बैल लंगडा झाला, कोणाची विहीर आटली, हे त्याला सर्वांआधी कळे. तरीही १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि दंगे आसपासच्या मुलुखात पसरले. त्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळीत. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. सावकाराला शेजाऱ्याची सर्व माहिती होती. पण कुळाचे बुडाले तर त्याचे काही बुडत नव्हते, उलट शेत त्याच्या नावावर चढत होते. जोखीम एकाची आणि माहिती दुसऱ्याची, ह्या विषम जोडीतून रोख्यांची होळी निर्माण झाली.

रायफायझनचे बी आपल्याकडे आले तेही ह्याच दुखण्यावर औषध म्हणून. मद्रास इलाख्यातील फ्रेडरिक निकोल्सन ह्या अधिकाऱ्याने युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ ह्या काळात आपला अहवाल सादर केला आणि रायफायझनचा मार्ग धरावा असा निर्वाळा दिला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ग्रामीण संस्थांस अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व त्यात लागू होते. कायदा उत्तम होता. पण १९५१ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली, तिच्या सभासदांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि तिच्या १९५४ च्या अहवालात असे दिसून आले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांपैकी सहकारी संस्थांकडून मिळालेला भाग अवघा ३.१ टक्के होता. सावकारांचा सुमारे सत्तर. अर्ध्या शतकाचे फळ एवढेच का, ह्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि भांडवलाची टंचाई त्यांत थोर आहे. पण एक कारण नैतिक आहे. सरकारी निबंधकाने नोंदलेली संस्था पुष्कळ गावांना सरकारचीच वाटली. सरकारचे बुडाले तर शेजाऱ्याचे काय गेले? जबाबदारी कागदावर अमर्यादित होती, मनात तिने मूळ धरले नव्हते.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. आंध्र प्रदेशात काही कंपन्यांनी गरीब स्त्रियांचे गट करून, एकीस दुसरीचा जामीन ठरवून, लहान कर्जे वाटली. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारी जाऊन बसत. वसुली थक्क करणारी होती. ह्यांपैकी एका मोठ्या कंपनीचे भाग २०१० साली शेअरबाजारात आले, आणि त्याच वर्षी कर्जाने गांजलेल्या काही माणसांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर राज्यसरकारने ऑक्टोबर महिन्यात वटहुकूम काढून त्या वसुलीस आळा घातला. येथे रायफायझनचे अर्धे यंत्र उचलून नेले होते. शेजारणीची लाज वापरली, पण नफा कोठल्या कोठे दूर बसलेल्या भागधारकाकडे गेला. तो कोणाचाच जामीन नव्हता.

म्हणून हा विचार निव्वळ पुस्तकी राहू नये, एवढ्यासाठी आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. त्यात आमची फजिती आहे, तेव्हा आत्मस्तुतीचा दोष लागणार नाही. आमच्या गावी काही शिक्षक, शिपाई, डबे करणाऱ्या बायका, शिंपी आणि हमाल ह्यांचे एक लहानसे मंडळ आहे. भिशीतून ते वाढले. दर रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात दोन तास टेबल मांडावयाचे, हप्ते घ्यावयाचे, अर्ज ऐकावयाचे. आम्ही त्याचे कोषाध्यक्षपण काही वर्षे केले. डबे करणाऱ्या एका बाईने शेगडी आणि भांडी घेण्यासाठी वीस हजार रुपये घेतले होते. तिचा नवरा अंथरुणास खिळला आणि तिचे लागोपाठ तीन हप्ते चुकले. नियमाप्रमाणे तिच्या दोन्ही जामिनांस चिठ्ठी जावयाची. त्यांतील एक धुणेभांडी करून पोट भरणारी होती. आमच्याने ती चिठ्ठी लिहवेना. आम्ही तिन्ही हप्ते गुपचूप आपल्या खिशातून भरले, वहीत जमा दाखविले, आणि मनात बरे वाटून घेतले.

चौथ्या महिन्यात ती चारही हप्त्यांचे पैसे रुमालात बांधून आली. वही पाहिली. कोणी भरले, हे तिने ताडले. ती रागावली नाही; फक्त म्हणाली, "सर, तुमचा हप्ता कधी चुकला, तर माझ्याकडून भरून घ्याल का?" आम्ही उत्तर देऊ शकलो नाही, कारण आमचा हप्ता चुकणे शक्यच नव्हते. त्या वहीत आमची ठेव होती, आमचे कर्ज नव्हते. आमची कर्जे मोठ्या बँकेत, आणि ह्या टेबलाच्या पलीकडे आम्ही कधी बसलोच नव्हतो. तिने चारही हप्ते मोजून ठेवले आणि आमचे पैसे आम्हांस परत घ्यावयास लावले.

दोन वर्षांनी आमच्या घराची कौले पावसाळ्यापूर्वी बदलावयाची होती. मंडळातून कर्ज घेतले. जामीन म्हणून त्याच बाईने सही केली. खरे सांगावयाचे तर त्यात थोडे नाटक होते. ते पैसे आम्हांस अन्यत्रही मिळाले असते. पण त्याच वर्षी आमचे वेतन तीन महिने रखडले, आणि नाटकाचे खरे झाले. हप्ता चुकला. नियमाप्रमाणे तिला चिठ्ठी गेली. संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "सर, हप्ता राहिलाय तुमचा. चिठ्ठी आलीय मला." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तरीही, पन्नाशी उलटलेल्या आणि चार माणसांत मान असलेल्या आम्हांला कानकोंडे झाल्यावाचून राहिले नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीच्या बचतीतून हप्ता भरला. त्या रात्री एक गोष्ट कळली, ती रायफायझन वाचून कळली नव्हती. वसुलीत अपमान नसतो. जिथे एकच बाजू नेहमी वसूल करते आणि दुसरी नेहमी देते, तिथे तो असतो. तिने आमच्याकडे हप्ता मागितला, ह्याचा अर्थ तिने आमची पत मान्य केली. आम्ही तिचा हप्ता परस्पर भरला, त्याचा अर्थ आम्ही तिची नाकारली होती.

आता आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की श्रीमंताला बँक पगारी नोकराकरवी सेवा देते. मग गरिबानेच फुकट राबणाऱ्यांच्या सवडीवर का अवलंबून राहावे? आक्षेप बिनतोड आहे. विनावेतन सेवेच्या कौतुकाआड सरकार आणि बँका आपले कर्तव्य लपवू लागल्या, तर ते कौतुक घातक ठरेल. म्हणूनच रायफायझनची बारीक मेख ध्यानात ठेविली पाहिजे: हिशेब लिहिण्याच्या श्रमाला त्याने दाम दिले. दाम नाही तो निर्णयाला. कोणावर भरवसा ठेवावा, हे ठरविणे हा शेजारधर्म आहे, आणि शेजारधर्माचा पगार घेतला की तो नोकरी होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेजाऱ्याची दृष्टी निर्मळ असते, असे कोणी सांगितले? आपल्या गावांत पत ठरविणारी 'चार माणसे' कोण होती, आणि महारवाड्यातील माणसाची किंवा विधवेची पत त्यांनी कशी ठरविली, हे आठवले म्हणजे बँकेचा आंधळा कागद हाच देव वाटू लागतो. कागदाला निदान जात दिसत नाही. ह्या आक्षेपापुढे आम्ही मान तुकवितो. त्याचे पूर्ण निरसन आमच्यापाशी नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्यांना त्या चार माणसांनी बाहेर ठेवले, त्यांनी आपापली चार माणसे उभी केली तर कागदालाही शिकवितात. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा ह्यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा अर्ज प्रथम फेटाळला गेला. त्या स्त्रिया अक्षरे शिकू लागल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांस म्हणाल्या, की वाचता येत नसले तरी मोजता येते. कोणत्याही रकमेचे व्याज यंत्रावाचून करावयास सांगा. १९९७ साली ती बँक सुरू झाली. ऐपत विचारणाऱ्या कागदाला त्यांनी आपली पत दाखविली.

पत मान्य होण्याने मनुष्याच्या ठिकाणी काय पालटते, ह्याचे एक दूरचे उदाहरण देऊन आवरते घेतो. १९५८ साली डब्लिन येथे नोरा हर्लिही ह्या शिक्षिकेच्या व तिच्या सोबत्यांच्या खटपटीने आयर्लंडातील पतसंघांस आरंभ झाला. दोन वर्षांनी उत्तर आयर्लंडातील डेरी शहरात अवघ्या पाच जणांनी एक पतसंघ स्थापिला. त्यांत तेवीस वर्षांचा एक शाळामास्तर होता, त्याचे नाव जॉन ह्यूम. बेकारीने पोळलेल्या त्या शहरात गरिबाला गहाणवट्याचे दुकान किंवा सावकार एवढेच आधार होते. ह्यूम पुढे राजकारणात गेला, आणि १९९८ साली त्यास डेव्हिड ट्रिंबल ह्याच्यासह शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही आपल्या आयुष्यातील सर्वांत अभिमानाची गोष्ट पतसंघ ही आहे, असे तो सांगत असे. हे विनयाचे बोलणे असेल असे आम्हांस वाटत नाही. परस्परांचे जामीन होण्याची सवय ज्या माणसांना लागली नाही, त्यांचा तह कागदावरच राहावयाचा, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आमचे वाचक बहुतेक सुशिक्षित आणि दोन वेळच्या चिंतेतून सुटलेले आहेत. दानधर्म त्यांच्या घरी होतो. दिवाळीला मोलकरणीच्या हाती जास्त पैसे पडतात, तिच्या मुलाची फी भरली जाते. हे सर्व चांगलेच आहे, आणि आम्हीही ते करतो. परंतु दहा-बारा वर्षे जी बाई आपल्या घरात वावरते, जिच्या हाती आपण किल्ल्या देतो, तिच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून आपल्यापैकी किती जणांनी सही केली आहे? किल्ल्या देतो म्हणजे तिची पत आपणांस ठाऊक आहे. ठाऊक असलेली गोष्ट चार माणसांत बोलून दाखविण्यास मात्र आपण कचरतो, कारण तिथे पैसे देऊन मोकळे होता येत नाही. तिथे आपले नाव तिच्या नावाखाली लिहावे लागते. दर रविवारचे दोन तास आणि एक सही, एवढेच काय ते मागणे आहे. ते देणग्यांहून जड का वाटते, ह्याचा शोध ज्याने त्याने आपल्याच मनात घ्यावा.